पेटंटाची हद्द आणि भोकरदनचा शेतकरी

मृगाचा पाऊस दृष्टिपथात आला की भोकरदनच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्रांसमोर दर वर्षी गर्दी होते. तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून आलेला शेतकरी कपाशीच्या, मक्याच्या, मिरचीच्या बियाण्यांचे भाव विचारतो. गेल्या साली कोणत्या वाणाने साथ दिली आणि कोणत्याने दगा दिला याची शेजाऱ्यापाशी चौकशी करतो. आणि अखेर कपाशीची चार-दोन पाकिटे पिशवीत घालून गावाकडची वाट धरतो. त्या एका पाकिटात अर्धा किलोही सरकी नसते. परंतु या पाकिटाच्या किमतीत कित्येक वर्षे एक असा अंश अंतर्भूत होता की, जो सरकीचा नव्हता, ती पिकविणाऱ्याच्या श्रमाचा नव्हता आणि दुकानदाराच्या नफ्याचाही नव्हता. तो सातासमुद्रापलीकडे लागलेल्या एका शोधाचा मोबदला होता. या मोबदल्याचा हक्क कोणी दिला, कोणत्या देशात दिला, किती मुदतीपुरता दिला आणि ती मुदत केव्हा संपली, हे पैसे मोजणाऱ्यांपैकी शंभरांत एकास तरी ठाऊक असेल काय, याविषयी आम्हांस शंका आहे. आज आम्ही या अंशाचा विचार करू इच्छितो.

परदेशाशी व्यवहार ही भोकरदनला नवी गोष्ट नव्हे. हे गाव म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील शिलालेखांत दात्यांच्या नावांबरोबर या नगराचे नाव कोरलेले आढळते. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती हाती आली. इटलीत पाँपेई नगराच्या अवशेषांत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांच्या तात्काळ लक्षात आले. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्यापूर्वीच दख्खनच्या कारागिरांच्या घडणीच्या वस्तू रोमच्या साम्राज्यापर्यंत पोहोचत होत्या. त्या काळी वस्तू समुद्र ओलांडीत असे, परंतु तिच्यावरील कल्पनेचा हक्क काही समुद्र ओलांडीत नसे. आज उलट झाले आहे. आज वस्तूच्या आधी हक्क प्रवास करतो. शोधाचा नमुना आपल्या देशात येण्यापूर्वीच त्यावरील मालकीचे कागद आपल्या दप्तरखान्यात दाखल होतात.

या कागदांचे स्वरूप प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे. पेटंट, ज्यास शासकीय मराठीत एकस्व म्हणतात, ही राज्यसंस्थेने शोधकास दिलेली ठराविक मुदतीची सनद आहे. शोधकाने आपला शोध जगास उघड करून सांगावा आणि त्याच्या बदल्यात राज्याने, सामान्यतः अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे, इतरांना त्याची नक्कल करण्यास मनाई करावी, असा हा सौदा आहे. परंतु सनद देणाऱ्या राज्याची हद्द जेथे संपते, तेथे सनदेची सत्ताही संपते. जगभर चालणारे एकच पेटंट अशी वस्तू अस्तित्वात नाही. अमेरिकेने दिलेले पेटंट जालन्यात चालत नाही आणि मुंबईच्या पेटंट कार्यालयाने दिलेले पेटंट जपानात चालत नाही. पुष्कळ सुशिक्षितांच्याही मनात याविषयी गैरसमज असतो, आणि 'आंतरराष्ट्रीय पेटंट' हा शब्दप्रयोग तो अधिकच दृढ करतो.

मग मोठ्या कंपन्या आपला शोध अनेक देशांत कसा राखतात? १८८३ च्या पॅरिस करारान्वये, एका सभासद देशात अर्ज केल्यापासून बारा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज केला, तर पहिल्या अर्जाचीच तारीख ग्राह्य धरली जाते. १९७० साली वॉशिंग्टन येथे झालेल्या पेटंट सहकार्य करारामुळे एकाच अर्जात अनेक देशांची नावे घालता येऊ लागली आणि प्रत्यक्ष प्रत्येक देशाचे दार ठोठावण्यास सुमारे अडीच वर्षांची सवड मिळाली. या अडीच वर्षांत कंपनी शांतपणे हिशेब मांडते. कोणत्या देशात आपल्या मालास गिऱ्हाईक आहे, नक्कल करण्याची कुवत असलेले कारखाने कोठे आहेत, कोणाची न्यायालये हक्क बजावून देतील, आणि कोठे अर्जाची, भाषांतराची व वकिलांची फी भरणे म्हणजे पाण्यात पैसा टाकणे ठरेल, याचा तो हिशेब असतो. जेथे लाभ दिसतो तेथे कुंपण घातले जाते, इतरत्र शेत मोकळे सोडले जाते. यात अनीती काही नाही. हा व्यापार आहे. परंतु एकीकडे कंपनी असा नकाशा समोर ठेवून चालत असताना, ज्याच्या शेतावरून हे कुंपण जाते त्यास तो नकाशा दिसतही नाही, ही वस्तुस्थिती मात्र विचारात घेण्याजोगी आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्या वाचकांस दूर शोधावयास नको. ते जालना जिल्ह्यातच आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीची, म्हणजेच महिकोची, स्थापना केली. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात संकरित बियाण्यांचा उद्योग उभा राहिला, त्याच्या पाठोपाठ इतर अनेक कंपन्या आल्या आणि जालन्याचे नाव देशभर बियाण्यांशी जोडले गेले. बारवाले यांस १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हा या प्रदेशाच्या कर्तृत्वाचाच गौरव होता. याच महिकोस १९९५ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीकडून बीटी कपाशीचे १०० ग्रॅम बी आणण्याची परवानगी दिली. मातीतील एका जिवाणूचे जनुक त्या कपाशीत घातलेले होते, आणि त्यामुळे बोंडअळीस मारक ठरणारे प्रथिन झाड स्वतःच तयार करीत असे. १९९८ साली दोन्ही कंपन्यांनी मिळून महिको मोन्सँटो बायोटेक ही संयुक्त कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांस लागवडीची परवानगी मिळाली. पुढे या तंत्रज्ञानाचे उपपरवाने चाळीसहून अधिक देशी कंपन्यांनी घेतले आणि दहा-बारा वर्षांत देशातील कपाशीच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आले. भोकरदन तालुका त्यास अपवाद नव्हता.

आता या कथेतील एक गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. २००२ साली आलेल्या या पहिल्या बीटी कपाशीच्या जनुकावर, म्हणजे बोलगार्ड-१ वर, भारतात पेटंट नव्हते. आणि तरीही त्याचे शुल्क घेतले गेले. बियाण्याच्या व्यापारात ज्यास 'ट्रेट व्हॅल्यू' म्हणतात, ते शुल्क प्रारंभीच्या वर्षांत एका ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे १,२५० रुपयांपर्यंत होते आणि पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या वर गेली होती. पेटंटच नाही, तर मग शुल्क कशाच्या बळावर? कारण पेटंट हे अनेक कुंपणांपैकी केवळ एक आहे. जैवसुरक्षेची परवानगी मिळविण्यास लागणारा काळ आणि पैसा हे दुसरे कुंपण; देशी कंपन्यांशी केलेला करार हे तिसरे. आणि चौथे कुंपण निसर्गाचेच आहे. भारतात बीटी कपाशी संकरित वाणांच्या रूपाने आली. संकरित वाणाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून शेतकऱ्यास दर वर्षी नवे पाकीट घेणे भागच पडते. अमेरिकेत जे काम कायद्यास व करारास करावे लागले, ते येथे संकरानेच परस्पर केले.

शुल्काविरुद्ध तक्रार अखेर झाली ती आंध्र प्रदेश सरकारकडून. त्या सरकारने २००६ साली मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा आयोगाकडे धाव घेतली. चीन व अमेरिका येथील शेतकऱ्यांकडून याच तंत्रज्ञानासाठी घेतले जाणारे शुल्क पुष्कळच कमी आहे, असे त्या सरकारचे म्हणणे होते. आयोगाचा अंतरिम आदेश झाला आणि राज्याने पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली. इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. जे भाव कालपर्यंत अपरिहार्य म्हणून सांगितले जात होते ते एका हंगामात निम्म्याहून खाली आले आणि तरीही बियाण्यांचा व्यापार बंद पडला नाही. किंमत केवळ शोधाच्या खर्चावरून ठरत नसून प्रतिकाराच्या अभावावरूनही ठरते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसऱ्या पिढीच्या तंत्रज्ञानाची, बोलगार्ड-२ ची, गोष्ट निराळी आहे. त्याचा पहिला अर्ज अमेरिकेत नोव्हेंबर १९९८ मध्ये झाला. योगायोग असा की, ७ डिसेंबर १९९८ रोजी भारत पॅरिस करारात व पेटंट सहकार्य करारात सामील झाला. नोव्हेंबर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय अर्ज दाखल झाला आणि त्याच्याच आधारे पुढे तो भारतीय पेटंट कार्यालयात आला. बियाणे बाजारात आले २००६ साली, पेटंट मिळाले २००८ साली आणि अर्जापासूनची वीस वर्षे भरून त्याची मुदत संपली नोव्हेंबर २०१९ मध्ये. दरम्यान, डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला. २०१६ च्या हंगामात पाकिटाची किंमत ८०० रुपये ठरली आणि पूर्वी १६३ रुपयांच्या आसपास असलेले शुल्क ४९ रुपये झाले; ते २०१८ साली ३९, २०१९ साली २० आणि २०२० साली शून्य झाले. पाकिटाची किंमत मात्र शून्याच्या दिशेने गेली नाही. २०२० साली ७३० रुपये असलेली किंमत २०२५ साली ९०१ रुपये झाली. या वाढीची कारणे निराळी असतील. मजुरी वाढली आहे, बीजोत्पादनाचा खर्च वाढला आहे. परंतु शुल्क संपले ही गोष्ट आपणांस कोणी सांगितली होती काय, असा प्रश्न भोकरदनच्या शेतकऱ्यास विचारून पाहावा.

हे पेटंट न्यायालयातही गेले. २०१५ साली मोन्सँटोने नुझिवीडू सीड्स या हैदराबादच्या कंपनीचा उपपरवाना रद्द केला आणि उभयतांतील वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. मुद्दा मूलगामी होता. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ३ चे पोटकलम (जे) आले. वनस्पती व प्राणी, त्यांचे कोणतेही भाग, बियाणे, वाण आणि त्यांच्या पैदाशीच्या मूलतः जैविक प्रक्रिया यांवर पेटंट मिळणार नाही, असे ते कलम सांगते. अपवाद केवळ सूक्ष्मजीवांचा. प्रयोगशाळेत रचलेले जनुक एकदा सरकीत शिरले आणि पिढ्यानपिढ्या सरकीबरोबरच वाढू लागले की, ते बियाण्याचा भाग झाले की नाही? ११ एप्रिल २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, ते बियाण्याचा भाग होय, असे धरून पेटंट अवैध ठरविले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. इतका गुंतागुंतीचा प्रश्न साक्षीपुरावा झाल्याखेरीज निकालात काढता येणार नाही, असे सांगून प्रकरण पुन्हा एकसदस्य न्यायपीठाकडे पाठविले. त्याच वर्षी पेटंटाची मुदत संपली. २०२१ साली उभय पक्षांनी आपसांत तडजोड केली. वादी-प्रतिवादींचे समाधान झाले. कायद्याचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. उद्या नवे जनुक घेऊन नवी कंपनी आली, तर हाच वाद पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू होईल. दोन व्यापाऱ्यांतील समेट हा लक्षावधी शेतकऱ्यांशी संबंधित प्रश्नाचा निकाल होऊ शकत नाही.

हाच प्रश्न इतर देशांनी कसा सोडविला ते पाहणे बोधप्रद ठरेल. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली, शेतकऱ्याने पेटंट असलेल्या जनुकाची मोहरीवर्गीय कॅनोला पेरल्याने हक्काचा भंग झाला, असे ठरविले, पण त्याच्याकडून एक पैसाही देवविला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एकमताने सांगितले की, विकत घेतलेले पेटंटयुक्त सोयाबीन पेरून त्याची पुढची पिढी काढणे म्हणजे शोधाची नक्कलच होय. अर्जेंटिनाची हकीकत तर पेटंटाच्या हद्दीचा वस्तुपाठच आहे. तेथे मोन्सँटोच्या तणनाशक-सहनशील सोयाबीनवर पेटंट नव्हते, युरोपात होते. तेव्हा कंपनीने अर्जेंटिनाच्या शेतात न अडविता, तेथून युरोपच्या बंदरांत उतरणारी सोयापेंड अडविली. २०१० साली युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, पेंडीत जनुक निर्जीव अवस्थेत पडलेले असते, ते आपले कार्य करीत नसते. सबब पेटंटाचे संरक्षण तेथपर्यंत पोहोचत नाही. तीन न्यायालये, तीन उत्तरे. १९९५ साली अंमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारानेच प्रत्येक देशास वनस्पती व प्राणी यांना पेटंटातून वगळण्याची मुभा ठेवली आहे. वाणांच्या संरक्षणासाठी पेटंट किंवा अन्य परिणामकारक कायदा असावा, एवढीच त्याची अट आहे. या मुभेचा उपयोग करून आपण २००१ साली वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा केला. त्यात पैदासकारास पंधरा किंवा अठरा वर्षांचे संरक्षण आहे आणि शेतकऱ्यास बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व, कंपनीच्या नावाखाली नसेल तर, विकण्याचाही हक्क आहे. आपली रेषा आपण कोठे आखावी हे ठरविण्याचा अधिकार आपलाच आहे. ती आखण्यास परकी परवानगी लागत नाही.

येथे एका आक्षेपास उत्तर देणे अगत्याचे आहे. शोधकास मोबदला न मिळाला तर शोध कोण लावील, असे विचारले जाते, आणि हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. बोंडअळीवरील फवारण्यांचा खर्च बीटीने प्रारंभी कमी केला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शुल्क नियंत्रणाच्या वादात, २०१६ साली पुढच्या पिढीच्या कपाशीचा अर्ज मागे घेण्यात आला. त्यानंतर परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील बीटी बियाणे चोरून विकले जाऊ लागले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने त्याची उघडपणे लागवडही केली. ज्या बियाण्यावर ना परवानगी ना पावती, त्यात फसवणूक झाली तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी? संशोधनाची दारे बंद करून शेतकऱ्याचे हित साधत नाही, हे आम्हांस मान्य आहे.

परंतु या सौद्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शेंदरी, म्हणजेच गुलाबी, बोंडअळी बीटी जनुकाला दाद देईनाशी होत चालल्याची चिन्हे गुजरातेत पहिल्या पिढीच्या कपाशीत २०१० पर्यंत दिसून आली होती. पुढे दुसऱ्या पिढीचे संरक्षणही ढासळले. २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशीच्या शेतांत या अळीने काय हाहाकार केला, हे मराठवाड्यास सांगावयास नको. पाकिटातील शुल्क मात्र त्या वर्षीही होते, २०१८ साली होते आणि २०१९ साली होते. शोध बोथट झाला तरी त्यावरील हक्क बोथट होत नाही. मुदत संपेपर्यंत तो धारदारच राहतो. यात दोष केवळ कंपन्यांचा नाही. बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय-ओळी न लावणारे आपण, फरदड घेत हंगाम लांबविणारे आपण, आणि या गोष्टींवर देखरेख न ठेवणारे शासन, हे सारेच भागीदार आहोत. तथापि ज्या वस्तूचा गुण ओसरला, तिच्या गुणाचे शुल्क त्या प्रमाणात उतरावे, हे व्यवहारातील साधे तत्त्व बियाण्यास का लागू असू नये?

आता आपल्याकडे वळू. परक्यांच्या पेटंटांविरुद्ध तक्रार करणे सोपे. आपल्या कल्पनेचे रक्षण आपण किती करतो? मुंबईत १८६७ साली जन्मलेले, मुद्रणाचे खिळे ओतण्याच्या यंत्राचे संशोधक शंकर आबाजी भिसे यांनी लंडन गाठले, पुढे ते अमेरिकेत गेले आणि तेथेच १९३५ साली त्यांचे निधन झाले. संरक्षण बाजारपेठेच्या देशातच घ्यावे लागते, हे त्या एकाकी मराठी संशोधकाने शतकापूर्वी ओळखले होते. उलट, जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठीय संस्थेस मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व छापील लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द करविले. आजीबाईच्या बटव्यातील ज्ञान लेखी स्वरूपात दाखविता आले म्हणून आपण जिंकलो. जे लिहिले गेले नाही ते हरले असते.

आणि याच महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुटपुंज्या शेतात निरीक्षणाने निवड करीत 'एचएमटी' हा भात सिद्ध केला. तो राज्याच्या सीमा ओलांडून दूरवर पसरला. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, परंतु त्या भाताच्या उलाढालीतील वाटा त्यांच्या हाती आला नाही, आणि २०१८ साली ते गेले तेव्हा अखेरच्या आजारात त्यांस पैशाची ओढाताण सोसावी लागली होती. एका बाजूस अनेक खंडांतील देशांत अर्ज करणारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूस स्वतःच्या तालुक्यातही आपला हक्क सिद्ध करू न शकणारा शोधक; या दोहोंमधील अंतर बुद्धीचे नाही. ते कागदाचे, सल्ल्याचे आणि ऐपतीचे आहे, आणि म्हणूनच ते भरून काढता येण्याजोगे आहे.

यास्तव आम्ही काही सूचना करू इच्छितो. पहिली अगदी साधी आहे आणि तिला खर्चही नाही. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटावर, मराठीत व वाचता येईल अशा अक्षरांत, त्यातील तंत्रज्ञानावर भारतात पेटंट आहे की नाही, असल्यास त्याचा क्रमांक कोणता, मुदत कोणत्या वर्षी संपते आणि किमतीत त्यापोटी किती रुपये धरले आहेत, हे छापणे सक्तीचे करावे. औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख लागते. मग मक्तेदारीची तारीख गुप्त का असावी? दुसरी सूचना अशी की, बियाण्यातील जनुक व कलम ३ (जे) यांविषयीची संदिग्धता संसदेने स्पष्ट शब्दांत दूर करावी. तिसरी, एखाद्या कीडरोधक गुणाची परिणामकारकता कमी झाल्याचे शासकीय संशोधन संस्थांनी दाखवून दिले की शुल्काचा फेरविचार आपोआप व्हावा. आणि चौथी सूचना परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठास व जालन्याच्या बियाणे उद्योगास उद्देशून आहे. शेतकऱ्यांची वाणे २००१ च्या कायद्याखाली नोंदवून देण्यास आणि लहान कंपन्यांस देशी-परदेशी पेटंटांचा सल्ला देण्यास त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी, भोकरदनसारख्या गावी, एक कायमची खिडकी उघडावी. जालना जिल्ह्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालेच आहे. मोसंबीस जे साधले ते शेतकऱ्याने राखलेल्या बियाण्यासही साधले पाहिजे.

पेटंट म्हणजे शाप, असे आम्ही मानीत नाही आणि वरदान असेही मानीत नाही. तो समाजाने शोधकाशी केलेला करार आहे. आणि करार वाचता येणे हा करार करणाऱ्या दोन्ही पक्षांचा हक्क आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनच्या कारागिराचे नाव आपणांस ठाऊक नाही, कारण ते कोणी लिहून ठेवले नाही. आज भोकरदनचा शेतकरी पाकिटाची किंमत मोजतो, तेव्हा ती कशाची व कोणत्या मुदतीपर्यंतची, हे तरी त्याच्यासाठी लिहून ठेवावे. शासनाने मनावर घेतले तर पुढचा खरीप उजाडण्यापूर्वी हे होऊ शकेल. होईल, अशी आम्ही आशा करतो.